कोचीत मुक्काम कुठल्या काठावर?

केरळ सहलीच्या छापील कार्यक्रमात कोचीच्या वाट्याला बहुधा एकच रात्र येते, आणि तीही नाइलाजाची. विमान किंवा मंगला एक्स्प्रेस इथे आणून सोडते, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुन्नारची गाडी दाराशी उभी असते, मधल्या वेळात ‘फोर्ट कोची दर्शन’ नावाचे दोन-अडीच तास. चिनी जाळ्यांसमोर फोटो, वास्को द गामाची रिकामी कबर, ज्यू गल्लीत मसाल्यांची खरेदी आणि रात्री एर्नाकुलमच्या एखाद्या हॉटेलात पनीर बटर मसाला. परत आल्यावर मंडळी सांगतात, “कोचीत काही विशेष नाही हो, अर्धा दिवस पुरतो.”

त्यांचं चुकत नाही. ते जिथे झोपले तिथे खरोखरच काही विशेष नव्हतं.

कोचीत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हे तास सगळ्या प्रवाशांना सारखेच मिळतात. गर्दीचे, घामाचे, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालण्याचे. गाव उलगडतं ते पहाटेपासून नऊपर्यंत आणि पुन्हा दिवेलागणीनंतर, आणि हे तास ज्याच्या-त्याच्या मुक्कामाच्या जागेवर ठरतात. एर्नाकुलमला उतरून पहाटे सहाला फोर्ट कोचीचा किनारा गाठेन म्हणणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात हॉटेलचा फुकटचा नाश्ता साडेसातला सुरू होतो आणि बेत तिथेच बारगळतो. म्हणून इथे हॉटेल कोणतं हे नंतर बघावं, आधी काठ ठरवावा.

काठ एक नाही, निदान चार आहेत. अरबी समुद्र आणि मागची खाडी जिथे एकमेकांना भेटतात, त्या मुखाच्या दक्षिणेला जमिनीची एक जीभ आहे. तिच्या टोकाला फोर्ट कोची आणि त्याला चिकटून आतल्या बाजूला मट्टांचेरी. मुखाच्या उत्तरेला वैपीन हे लांबट बेट. पूर्वेला, खाडीपलीकडे, मुख्य जमिनीवर एर्नाकुलम: रेल्वे स्थानकं, हायकोर्ट, मॉल, मेट्रो सगळं तिथे. आणि मधोमध विलिंग्डन बेट. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, कोडुंगल्लूरचं प्राचीन बंदर गाळाने निकामी झालं आणि इथलं मुख मोकळं झालं असं मानतात; कोचीचा बंदर म्हणून इतिहास तिथून सुरू होतो. पुढे १५०० मध्ये पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हुसकलं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. पण ही सगळी उलथापालथ फोर्ट कोचीची. मट्टांचेरी आणि एर्नाकुलम कोचीच्या राजाच्या मुलखात होते, आणि ही विभागणी थेट स्वातंत्र्यापर्यंत टिकली. आज आपण ज्याला एक शहर समजतो ती महापालिका १९६७ साली तीन नगरपालिका जोडून झाली. जोड अजूनही दिसतो. खाडी ओलांडली की घरांची उंची, रस्त्यांची रुंदी, दुकानं बंद व्हायची वेळ, सगळंच बदलतं.

एर्नाकुलमबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं थोडकंच आहे. मात्र तिथे राहण्याची कारणं पक्की आहेत. गाडी रात्री उशिरा पोचत असेल, बरोबर गुडघे दुखणारी मोठी माणसं असतील, लिफ्ट हवी असेल, शुद्ध शाकाहारी जेवण दोन मिनिटांवर हवं असेल किंवा पहाटेच मुन्नारला निघायचं असेल, तर इथेच उतरावं. मात्र एर्नाकुलम म्हणजे सगळं एर्नाकुलम नव्हे. मरीन ड्राइव्हपासून सुभाष पार्कपर्यंतचा जो खाडीलगतचा पट्टा आहे, तिथली खोली घ्यावी. मुख्य बोट जेट्टी तिथून पायी गाठता येते, संध्याकाळी खाडीकाठाने चालता येतं, आणि ब्रॉडवेचा बाजार मागच्याच गल्ल्यांमध्ये आहे. मिरी, वेलची, जायपत्री घ्यायची तर या बाजारात घ्यावी. स्थानिक माणसं इथूनच घेतात. एम. जी. रोडची हॉटेलं चांगली असतात, पण तिथून जेट्टीला जायला रिक्षा लागते आणि मग ‘उद्या जाऊ’ सुरू होतं.

हॉटेलं शोधताना एक सापळा असतो. संगणकावर ‘कोची’ टाकलं की आलुवापासून कुंबळंगीपर्यंतची खोली कोचीचीच म्हणून समोर येते. एडपल्लीचं हॉटेल स्वस्त दिसतं, कारण ते मॉलशेजारी आणि बंदरापासून दूर आहे. काक्कनाड तर माहिती-तंत्रज्ञानवाल्यांचं उपनगर. तिथून फोर्ट कोची म्हणजे वीसेक किलोमीटर आणि भर वाहतुकीतला तास-सव्वा तास. नेडुंबाश्शेरीला विमानतळ आहे, तिथली हॉटेलंही स्वतःला कोचीची म्हणवतात. तिथून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर पडतं, दीड तास धरून चालावा. खोलीचे दोन-चारशे रुपये वाचतात आणि टॅक्सीला हजार जातात.

आता पाणी ओलांडू. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर आणि मध्ये पुलांवरची कोंडी. बोटीने वीस-पंचवीस मिनिटं. सरकारी जलवाहतूक खात्याची जुनी बोट चहाच्या किमतीत नेते. तिच्यात शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या, कोर्टातून परतणारे वकील असे सगळे असतात. २०२३ च्या एप्रिलपासून वॉटर मेट्रोही आहे: कोची शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी. हायकोर्टच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीचा मार्ग २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हा तिकीट ४० रुपये होतं. सुट्टीच्या दिवशी रांग एवढी लागते की जुनी बोट दोनदा जाऊन येते. मी जुन्याच बोटीची. खिडकीला काच नाही, वारा लागतो. पण सामान मोठं असेल तर वॉटर मेट्रो बरी, धक्का आणि बोट एका पातळीवर असतात. मुद्दा असा, की रात्री उशिरा यातलं काहीच नसतं. फोर्ट कोचीत कथकली बघून, जेवून, रमतगमत एर्नाकुलमला परतायचं म्हटलं तर रिक्षा किंवा टॅक्सीच करावी लागते, आणि त्या वेळी ती हवं ते भाडं सांगते.

फोर्ट कोचीत राहायचं ठरवलं की पुन्हा प्रश्न येतो: फोर्ट कोचीत कुठे? कारण दीड-दोन किलोमीटरच्या या तुकड्यातही तीन वस्त्या आहेत.

पहिली प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीटची. जाड भिंतींची, उतरत्या कौलांची, मोठ्या लाकडी खिडक्यांची जुनी घरं. त्यांतली बहुतेक आता कॅफे, हॉटेल किंवा चांदीच्या दागिन्यांची दुकानं झालेली. इथून सेंट फ्रान्सिस चर्च, किनारा, जाळी सगळं पाच मिनिटांत. परदेशी पाहुण्यांची पसंती इथेच, म्हणून दरही तसे. वाईट नाही, पण रात्री नऊनंतर इथे तुम्ही आणि दुसरे प्रवासी एवढेच उरता. दुकानदार आपापल्या घरी गेलेले असतात.

दुसरी वस्ती परेड ग्राउंडच्या भोवतीची. मैदानाच्या कडेने अजस्र पर्जन्यवृक्ष, त्यांच्या सावलीत सकाळी फुटबॉल आणि क्रिकेट. याच मैदानावर पोर्तुगीज, डच आणि इंग्रज शिपायांनी कवायती केल्या. जागा सुरेख, शांत; वयस्कर जोडप्यांना मी हीच सुचवते.

तिसरी आतली: वेळी, कुन्नुंपुरम, अमरावती. पर्यटकांच्या नकाशात इथे फारसं काही छापलेलं नसतं, एक धोबीखाना सोडून. तो बघण्यासारखा आहे. तमिळनाडूतून पिढ्यांपूर्वी आणलेल्या वण्णार समाजाची माणसं इथे अजून हाताने कपडे धुतात. वाळत घालताना चिमटे लावत नाहीत, पिळलेल्या दोऱ्यांच्या पेडांत कपड्याचं टोक अडकवतात. काहींच्या हातात अजून कोळशाची इस्त्री. या वस्तीतली घरं साधी, अंगणात नारळ आणि विहीर, शेजारी किराणा दुकान, कोपऱ्यावर पुट्टू-कडला देणारी खानावळ. जाळ्यांपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं, सायकलने पाच. भाडं पहिल्या वस्तीच्या निम्म्याच्या आसपास मिळू शकतं. मी इथेच उतरते.

पहाटेचं बोलत होते ते हे. सहाच्या सुमारास किनाऱ्यावर गेलं तर जाळी कामाला लागलेली असतात, फोटोसाठी नव्हे, मासळीसाठी. एका जाळ्याला चार-पाच माणसं लागतात. एक जण आडव्या दांडीवर चढून तोल खाली झुकवतो, बाकीचे मागून दोर ओढतात, दोरांना बांधलेले मोठाले दगड एकेक करून जमिनीवर टेकतात आणि समोर पाण्यातून जाळं वर येतं. त्यात बहुधा मूठभर मासळी असते. ती तिथेच लिलावात जाते आणि बोली इतकी भरभर चालते की काय कितीला गेलं कळत नाही. पूर्वीच्या सागवानी दांड्यांच्या जागी आता बऱ्याच जाळ्यांना लोखंडी नळ्या दिसतात. लाकूड परवडत नाही. जाळ्यांची संख्याही घटली आहे. दुपारी याच जागी प्रवाशाला दांडीवर चढवून फोटो काढून देतात आणि पैसे मागतात. त्यात गैर काही नाही, मासळीपेक्षा त्यात जास्त मिळत असावेत. पण ज्याने फक्त दुपार बघितली, त्याला जाळं म्हणजे तमाशा वाटतं.

चर्चचंही तसंच. सेंट फ्रान्सिस हे भारतातलं युरोपियनांनी बांधलेलं सर्वांत जुनं चर्च समजलं जातं. आधी लाकडी होतं, दगडी झालं ते १५१६ मध्ये. २४ डिसेंबर १५२४ रोजी वास्को द गामा कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. कबरीभोवती दुपारी ही गर्दी असते. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर वर टांगलेले कापडी पंखे, बाहेर बसून दोरीने ओढायचे ते, शांतपणे बघता येतात. भिंतींत बसवलेले डच आणि पोर्तुगीज थडग्यांचे दगड वाचायला वेळ मिळतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोर्ट कोचीला समुद्रकिनाऱ्यासाठी जाऊ नका. वाळू वर्षागणिक कमी होते आहे, पाणी पोहण्याचं नाही, आणि पावसाळ्यानंतर खाडीतून वाहत आलेल्या जलपर्णीचे ढीग काठाला लागतात. सूर्यास्त छान दिसतो, तेवढ्यापुरतं ठीक. बाकी वेळ कोकणातल्या माणसाला तो किनारा बघून वाईट वाटेल. दुसरी गोष्ट डासांची. कोचीचे डास हा स्थानिक राजकारणाचा विषय आहे, निवडणुकीत त्यावर भाषणं होतात.

यावरून आठवलं, खोली ठरवताना विचारायचे प्रश्न. खिडकीला जाळी आहे का, मच्छरदाणी आहे का, हा पहिला. खोली तळमजल्यावर की वर, हा दुसरा. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंती ओल धरतात आणि चादरीलाही वास येतो. वातानुकूलन भाड्यात धरलं आहे की त्याचे वेगळे पैसे, हा तिसरा. आणि घरातली माणसं त्याच घरात राहतात का, हा सगळ्यांत महत्त्वाचा. केरळ पर्यटन खातं होमस्टेंना डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर असे दर्जे देतं. दर्जाची पाटी दारावर असते. पण दर्जा सोयींवरून ठरतो, गप्पांवरून नाही. चार खोल्या भाड्याने घेऊन एका पोऱ्यावर सोपवलेलं घर आणि वरच्या मजल्यावर मालकीण राहते ते घर, दोन्हींवर पाटी ‘होमस्टे’चीच.

दुसऱ्या प्रकारच्या घरात जे मिळतं त्याचा एक नमुना. एका संध्याकाळी मी सहज म्हटलं, “आंटी, उद्या मी लवकर निघेन म्हणते, नाश्ता नको.” आंटी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “आणि अप्पमचं पीठ भिजवलंय ते कोण खाणार? निघ नऊला. साडेआठपर्यंत स्ट्यू होतो.” मी नऊला निघाले. ते अप्पम आणि नारळाच्या दुधातला बटाट्याचा स्ट्यू खाऊन निघण्यात एक बस चुकली, त्याचं काही वाटलं नाही. हॉटेलात असं कुणी अडवत नाही.

मट्टांचेरी मात्र वेगळ्या मनाच्या प्रवाशासाठी आहे, आणि मराठी वाचकाला तिथे जास्त वेळ थांबवावंसं वाटतं. फोर्ट कोचीहून चालत निघालं की काल्वत्तीचा कालवा लागतो. तो ओलांडला की एकेकाळच्या गोऱ्यांच्या हद्दीतून आपण राजाच्या हद्दीत येतो. पलीकडे खाडीला समांतर बाजार रोड. दोन्ही बाजूंना लांबच लांब वखारी, पुढे दुकान, मागे थेट पाण्यावर उघडणारं दार, कारण माल होडीने यायचा. सुंठ, मिरी, हळद, तांदूळ. सकाळी ट्रक लागतात, हमाल पाठीवर पोती घेऊन धावतात, आणि सगळा रस्ता सुंठीच्या वासाने भरून जातो. मिरीच्या वायद्याचा सौदा एकेकाळी ज्यू टाउनमधल्या एका सभागृहात आरडाओरडा करून चालायचा. आता ते सगळं पडद्यावर गेलं. वखारींपैकी काहींची हॉटेलं झाली आहेत. महाग, पण खिडकीखालून होड्या जातात. पैशांची ऊब असेल आणि पहाटे पाचला ट्रकच्या आवाजाने जाग आलेली चालत असेल, तर याहून चांगली जागा कोचीत नाही.

याच्या मागे ज्यू टाउन. १५६८ मध्ये बांधलेलं परदेशी सिनेगॉग, चीनमधून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, १७६० चा घड्याळाचा मनोरा. राजाने आपल्या राजवाड्याला लागून ज्यूंना जागा दिली. राजवाडा, त्याच्या आवारातलं पळयन्नूर भगवतीचं देऊळ आणि सिनेगॉग एकमेकांना खेटून आहेत. इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. इथे आज ज्यू जवळपास उरलेले नाहीत, गल्लीत काश्मिरी शालींची दुकानं आहेत. आपल्याकडच्या अलिबाग-पेणच्या बेने इस्रायलींना एकोणिसाव्या शतकात धर्मग्रंथ आणि प्रार्थना शिकवायला कोचीचे ज्यू शिक्षक आले होते, हे तिथे उभं राहिल्यावर आठवतं. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, बांधला तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर, राजाला नजराणा म्हणून. डचांनी फक्त डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं मात्र पूर्ण केरळी. अर्धा तास पुरेल म्हणून आत जावं आणि दीड तासाने बाहेर यावं अशी ती आहेत.

त्यापुढे चेरळाई. इथे पर्यटकांची वर्दळ एकदम ओसरते. मोठं तळं आणि अंगण असलेलं तिरुमल देवस्थान, भोवती गौड सारस्वतांची घरं, अंगणात तुळशीवृंदावन, दारात पापड वाळत घातलेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली ही कुटुंबं किनाऱ्याने खाली येत इथे पोचली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाला राहिली. मैल-दीड मैलावर फोर्ट कोचीत पुन्हा पोर्तुगीजच होते, पण हद्द राजाची असल्याने त्यांचा हात पोचत नव्हता. देवळाबाहेर एका आजोबांना मी मालवणीत रस्ता विचारला. त्यांनी कोकणीत उत्तर दिलं. शब्द थोडे वेगळे, हेल मल्याळीकडे झुकलेला, पण अडलं काहीच नाही. मग त्यांनी माझं गाव, कुलदैवत आणि लग्नाची हकिगत काढून घेतली आणि रस्ता सांगायचं राहूनच गेलं.

इथल्याच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांनी एका मोठ्या कामात हातभार लावला आहे. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड ॲम्स्टरडॅमला निघाले. इट्टी अच्युतन या वैद्याने आणि या तिघांनी त्याला वनस्पतींची नावं आणि गुण पुरवले. पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र आहे, कोकणीत आणि नागरी लिपीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲम्स्टरडॅममध्ये छापलेली आपली लिपी! फोर्ट कोचीत तीन दिवस राहिलेल्यांनाही ही गोष्ट कुणी सांगत नाही; चेरळाईत कोणीही सांगतं.

शेजारीच गुजराती रोड. जैन देरासर, कच्छी व्यापाऱ्यांची घरं, फरसाण-ढोकळ्याची दुकानं. शाकाहारी माणसाची मट्टांचेरीत उपासमार होत नाही, उलट मासे न खाणाऱ्याला फोर्ट कोचीपेक्षा इथे जास्त विविधता मिळते. खोल्या मात्र कमी आणि साध्या. गल्ल्या अरुंद, भोंगे-घंटा-आरत्या सगळं ऐकू येतं, रात्री आठनंतर रस्ते ओस. लहान मुलं बरोबर असतील किंवा सुट्टी म्हणजे आराम असं समीकरण असेल, तर इथे राहू नये. राहणारा माणूस चालणारा, खाणारा आणि बोलणारा हवा.

बेटांचं पटकन सांगते. विलिंग्डन बेट माणसाने घडवलेलं आहे. बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून इंग्रज अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो याने ते तयार केलं; १९२८ साली नव्या बंदरात शिरलेली पहिली मोठी बोट मुंबईहूनच आली होती. आज तिथे नौदल, बंदराची कचेरी, गोदामं आणि एक-दोन भारी हॉटेलं. खोलीतून जहाजं दिसतात, खाली उतरलं तर कोपऱ्यावर चहाची टपरीही सापडत नाही. बोळगाट्टी बेटावर १७४४ चा डच वाडा आहे, सरकारी पर्यटन महामंडळाचं हॉटेल त्यातच. लग्नाच्या वाढदिवसाला ठीक. वैपीनच्या उत्तर टोकाला चेराई: पोहता येईल असा किनारा हवा तर तो तिथे, फोर्ट कोचीत नव्हे. पण चेराई म्हणजे कोची नाही. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, सुट्टीचं वेगळं गाव. जवळच पळ्ळिप्पुरमला पोर्तुगीजांचा १५०३ चा छोटा षट्कोनी किल्ला आहे, आपल्या किल्ल्यांची सवय असलेल्याला तो बुरूजच वाटेल. दक्षिणेला कुंबळंगी, ‘कुंबळंगी नाइट्स’ या २०१९ च्या मल्याळी सिनेमातलं. खाडीकाठची घरं, होडी, चांदण्यात चकाकणारं पाणी आणि तिखट मासळी. शहर बघून झाल्यावर एक रात्र जरूर. शहर बघण्यासाठी तिथे राहू नये.

कधी जाता यावरही बरंच ठरतं. १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेला कोची-मुझिरिस बिएनाले साधारण दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डिसेंबरपासून साडेतीन महिने चालतो. मुख्य जागा फोर्ट कोचीतली ॲस्पिनवॉल वखार. तेव्हा चित्रं, मांडणशिल्पं बघायला मिळतात, पण खोल्यांचे दर चढलेले असतात. एकतीस डिसेंबरला किनाऱ्यावर ‘पप्पांजी’चा, म्हणजे म्हाताऱ्याचा, प्रचंड पुतळा जाळतात. त्यासाठी लोटणाऱ्या गर्दीत गाडी आत सोडत नाहीत आणि बोटीला तासन्‌तास रांग लागते. त्या रात्री फोर्ट कोचीत खोली असेल तरच जावं. जून ते सप्टेंबर निम्म्या दरात सगळं मिळतं. पाऊस कोकणासारखाच, त्यामुळे आपल्याला त्याची भीती वाटायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर: तीन रात्री असतील तर पहिल्या दोन फोर्ट कोचीच्या आतल्या वस्तीत, वेळी किंवा कुन्नुंपुरमला काढाव्यात. तिथून मट्टांचेरी आणि किनारा दोन्ही चालत गाठता येतात आणि दोन्हीकडची पहाट मिळते. शेवटची रात्र एर्नाकुलमला, जेट्टीजवळ, म्हणजे ब्रॉडवेवर खरेदी होते आणि सकाळची गाडी चुकत नाही. एकच रात्र असेल तर सहल आयोजकाशी भांडावं: मुन्नार जेमतेम एकशे तीस किलोमीटर आहे, सातला निघण्याऐवजी दहाला निघालं तरी अंधाराआधी पोचता येतं. रात्र फोर्ट कोचीत द्या म्हणावं. रिक्षावाला अगदी थोड्या पैशांत सगळी कोची दाखवतो म्हणाला तर बसू नये. तो मधल्या चार दुकानांत थांबवतो आणि त्याची कमाई तिथून निघते.

आणि तारखा ठरवण्याआधी वार बघा. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दिवसभर पाहुण्यांना आत घेत नाही. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना चालते, तेव्हा बघ्यांनी जायचं नसतं. कोचीचा मुक्काम सोमवार ते गुरुवार ठेवावा.